मागील पानावरून पुढे

१९४२ च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज आणि इस्लामपूर इथल्या मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूज आणि इस्लामपूरला गोळ्या चालल्या, माणसे मेली आणि त्यानंतर सातारा जिल्ह्यातली चळवळ भूमिगत झाली. १९४३ पासून नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. लोक त्याला पत्री सरकार म्हणू लागले. त्या दिवसांत तारा तुटल्या, डाकबंगले पेटले, आणि गावोगावच्या चावड्याही पेटल्या. खेड्यातल्या माणसाला इंग्रज सरकार रोज दिसायचे ते चावडीतल्या दप्तरात. शेतसारा किती, बाकी कोणाची, जमीन कोणाच्या नावावर, सगळे त्या दप्तरात बांधलेले. तेव्हा राग निघाला तो त्याच्यावर.

दप्तरे जळली, तरी शेते जागेवर राहिली आणि त्यांचे क्रमांकही. मोजणीचे मूळ कागद, म्हणजे टिपणे, नकाशे, आकारबंद, चावडीत नसतच. ते मोजणी खात्याच्या कपाटांत होते. चावडीत असायचा तो वरचा थर: यंदा या शेतात काय पेरले, कोण कसतो, वारस कोण लागला. हा थर दरवर्षी, दर हंगामाला नव्याने चढवावा लागे. जमिनीच्या कागदांचा इतिहास लिहिताना लोक मोजणीबद्दल पुष्कळ बोलतात, साखळी आणि शंकूची वर्णने करतात. मोजणी तशी एकदाची कटकट. खरी जिकीर पुढची: मोजलेले ताजे ठेवणे, ठरलेल्या तारखांना, हजारो गावांत, कोणी बघत नसताना. सातारा-सांगलीच्या मुलखात हे काम निदान साडेतीनशे वर्षे चालू आहे, आणि ते जेव्हा जेव्हा चुकले तेव्हा कोणाची तरी जमीन इकडची तिकडे झाली.

शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी होती. वीस काठ्या औरस-चौरस म्हणजे एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. अण्णाजी दत्तोंच्या नावाने ओळखली जाणारी जमीनधारा याच काठीवर उभी होती. पण गावच्या पातळीवर कुलकर्ण्याच्या कामाचा कागद होता तो थळझाडा. थळ म्हणजे एका घराण्याकडे वहिवाटीने चालत आलेली जमीन. थळझाड्यात गावची थळे, त्यांची नावे, त्यांचे क्षेत्र आणि सध्याचे कसणारे लिहिलेले असत. थळाचे नाव बहुधा मूळ घराण्याचे. घराणे दुष्काळात परागंदा झाले किंवा निर्वंश झाले तर जमीन गतकुळी ठरे, तिची लावणी दुसऱ्याला होई, पण थळ जुन्याच नावाने ओळखले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनची गावे पाहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना याचे फार नवल वाटले. पिढ्यान्‌पिढ्या गावात नसलेल्या कुळांची नावे कुलकर्ण्याच्या कागदावर ताठ उभी होती.

जागा अशी नोंदवली जाई; काळ नोंदवायची तऱ्हा आणखी गमतीची. मराठेशाहीच्या कागदांवर जो सुहूर सन दिसतो तो सूर्याच्या मृग नक्षत्रातल्या प्रवेशाला सुरू होतो, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीच्या तोंडावर. हिजरी वर्ष चांद्र, दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकणारे. त्यावर सारा वसूल करायचा तर काही वर्षांत पिकाआधीच वसुली यायची. म्हणून चौदाव्या शतकात तुघलकी अमलात हे सौर गणित आले आणि मराठी दप्तरांनी ते पाचशे वर्षे पाळले. आकडे मात्र अरबी शब्दांत. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७५. इसवी सनाचे १७७४-७५. वाई किंवा कऱ्हाड प्रांतातला ब्राह्मण कुलकर्णी मोडीत लिहिताना शेतीच्या वर्षाची गाठ अरबी संख्यांनी बांधत होता आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नव्हते.

रोजचे व्यवहार तारखेने रोजकीर्दीत पडत आणि तिथून खात्याखात्याने खतावणीत उतरत. हे उतरवणे राहिले की हिशेब बुडाला. ही साधी शिस्त पुढच्या सगळ्या पद्धतींच्या मुळाशी आहे, म्हणून इथे लक्षात ठेवलेली बरी.

पेशवाई बुडाल्यावर सातारचे राज्य कंपनीने प्रतापसिंह महाराजांना परत दिले. २५ सप्टेंबर १८१९ चा तो तह. कॅप्टन जेम्स ग्रँट, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा, तेव्हा साताऱ्यात रेसिडेंट होता. १८२० च्या दशकात कॅप्टन ऍडम्सने या राज्याची मोजणी केली. पण मोजणी म्हणजे एका वर्षाचे चित्र. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडले, १८४८ च्या एप्रिलात त्यांचे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले आणि डलहौसीने वारस नामंजूर करून राज्य खालसा केले. त्या खालसा मुलखात एक नवी पद्धत आली. तिची तालीम इंदापुरात होऊन चुकली होती.

त्या तालमीआधी एक अपयश होते. रॉबर्ट कीथ प्रिंगल याने पुणे भागात १८२० च्या दशकात शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवायचा घाट घातला. कागदावर देखणे, शेतात न चालणारे. मोजणीत लबाड्या झाल्या, सारा जड गेला, जमिनी पड पडू लागल्या. १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवा डाव मांडला आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात, डेव्हिडसन यांच्या सहीसह, त्याचे नियम बांधले. साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही सांगलीत प्लॉट विकताना १०८९ चौरस फुटांचा गुंठा बोलला जातो, तो याच साखळीचा.

विंगेटची शक्कल क्रमांकात होती. एका बैलजोडीला नांगरता येईल अशा बेताचे क्षेत्र हे एकक धरायचे, त्याच्या कोपऱ्यांवर बुरूज, बांधांवर हद्दीचे दगड, आणि त्याला गावात एक सर्व्हे नंबर. लहान तुकडे त्याच नंबरात पोटहिस्से म्हणून. नंबर गावभर सलग फिरत जात, त्यामुळे शेजारच्या शेताला शक्यतो शेजारचा आकडा मिळे. मातीची नऊ प्रतींत वर्गवारी; खोली आणि रंग बघायचे, चुनखड, खडी, उतार असे दोष वजा करायचे. त्यावर आकार ठरला की तीस वर्षे बदल नाही. मालक मेला, विकून गेला, भाऊबंदांनी वाटण्या केल्या, तरी नंबर तोच. थळ घराण्याच्या नावाने ओळखले जाई; आता शेताला नाव उरले नाही, पत्ता मिळाला.

हा पत्ता किती पुढचा होता ते कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. नकाशावरची जागा दोन दिशांना पसरते आणि संगणकाची साठवण एका ओळीत चालते. मग शेजारची ठिकाणे साठवणीतही शेजारी कशी ठेवायची? १९६६ मध्ये आयबीएममधल्या जी. एम. मॉर्टनने चौकोनांना नागमोडी क्रमांक देण्याची रीत मांडली. १९८४ मध्ये अँटोनिन गटमनने आर-ट्री नावाची रचना दिली. तीत जवळजवळच्या आकृत्या एका मोठ्या चौकटीत, त्या चौकटी आणखी मोठ्या चौकटीत, असे घालत जायचे. आजचे नकाशे, टॅक्सीची ॲप, हवामानाचे विदागार अशाच रचनांवर चालतात. त्या रचनांना म्हणतात इंडेक्स. मूळ माहितीपासून तो वेगळा असतो आणि लिहिणाऱ्याने तो ताजा ठेवला तरच कामाचा. माहितीला जागेबरोबर वेळही चिकटलेली असली, म्हणजे हे पीक इथे, या हंगामात, तर इंडेक्स लवकर शिळा होतो. मग ठरावीक वेळी, बहुधा रात्री, आपोआप चालणारी कामे लावतात: नव्या नोंदी इंडेक्सात घाला, मेलेल्या नोंदी साफ करा, फार विस्कटले असेल तर सगळा पुन्हा बांधा. युनिक्सवर १९७० च्या दशकापासून ‘क्रॉन’ नावाचा छोटा प्रोग्रॅम हे वेळापत्रक राखत आला आहे. आपल्याकडे हेच काम तलाठी करी, दिवसाढवळ्या, पायी.

१८७५ मध्ये पुणे आणि नगर भागात कर्जबाजारी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि त्यांनी रोखे जाळले. सातारा जिल्ह्यात या दंग्याची एक ठिणगी पडली ती सप्टेंबरात कोकरूडला, आजच्या सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात. सरकारच्या दप्तराला त्यांनी हात लावला नाही, आणि त्यात एक तर्क होता. सरकारच्या दप्तरात फक्त खातेदार, म्हणजे सारा भरणारा. जमीन गहाण किती आहे, ताबा कोणाचा, विक्रीचा करार कोणाशी, हे सगळे सावकाराच्या घरी. मोजणी खाते शेताच्या प्रत्येक बांधाची लांबी सांगू शकत होते आणि शेत खरे कोणाचे हे सांगू शकत नव्हते. ही उणीव भरायला सरकारने आणखी पाव शतक घेतले. १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल अधिनियमातच मिसळला.

त्याच्या मागोमाग गावचे हिशेब एका साच्यात आणणारी गाव नमुन्यांची मालिका आली. तिची मार्गदर्शिका एफ. जी. एच. अँडरसन या आयसीएस अधिकाऱ्याची. महसूल खात्यात आजही जुने लोक ‘अँडरसन मॅन्युअल’ म्हणतात, तेव्हा आवाजात थोडा आदर येतो. यातले तीन नमुने शेतकऱ्याला तोंडपाठ असतात. नमुना सहा म्हणजे फेरफार: जे घडले ते घडले त्या क्रमाने, एकामागून एक क्रमांक. खरेदी, वारस, वाटप, बोजा, सगळे आधी इथे. नोटीस निघते, हरकत आली तर ऐकायची, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. नमुना सात तीच माहिती जागेप्रमाणे लावतो, प्रत्येक गटाला एक पान. आठ-अ तीच माहिती माणसाप्रमाणे लावतो, प्रत्येक खातेदाराला एक पान. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफाराचा. शंका आली तर तिथून मागे जायचे. एकच गोष्ट काळाने, जागेने आणि माणसाने शोधता यावी, अशी ही बांधणी आहे. विदागाराच्या आजच्या अभियंत्याला ती समजावून सांगायला पाच मिनिटेही लागणार नाहीत.

आणि नमुना बारा. पिकांची नोंदवही. बाकीचे नमुने काही घडले की बदलतात. बारा क्रमांकाचा नमुना काही घडले नाही तरी दर हंगामाला भरावा लागतो.

पाहणीची पद्धत नियमांत अशी: खरिपाची पिके शेतात उभी असताना एकदा, रब्बीची उभी असताना एकदा, तलाठ्याने गावात आधी कळवायचे, कोतवालाने दवंडी द्यायची, आणि मग शेतकऱ्यांना बरोबर घेऊन गटामागून गट हिंडायचे. कोणते पीक, किती क्षेत्र, जिरायत की बागायत, पाणी विहिरीचे की कालव्याचे, बांधावर झाडे कोणती, किती पड, पोटखराबा किती. मिश्र पीक असेल तर घटकवार. हद्दीचे दगड जागेवर आहेत का हेही बघायचे. मंडळ अधिकाऱ्याने त्यातली काही शेते पुन्हा तपासायची. १९७१ च्या हक्कनोंदणी नियमांत ही सारी फेरी बारकाईने लिहिली आहे. नियम लिहिणाऱ्याने गाव पाहिले होते, असे वाचताना वाटते.

पण एका सज्जाला तीन-चार गावे, पाटण किंवा जावळीसारखा डोंगराळ तालुका असेल तर वाड्यावस्त्यांत अर्धा-अर्धा दिवसाचे अंतर, वरून निवडणूक, जनगणना, टंचाई, वसुली. पाहणी ही अशी कामगिरी, जी न केल्याचे त्या दिवशी कोणालाच कळत नाही. मग चावडीत बसून मागच्या वर्षीचा रकाना पुढे ओढला जाई. जावळीच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी पालटून घेतात, अधूनमधून जमीन विसावा घेते. कागदावर मात्र नाचणी अखंड. आटपाडीत डाळिंब आले, तासगावात द्राक्षांचे मांडव उभे राहिले, आणि कितीतरी पानांवर अजून ज्वारी. ‘मागील पानावरून पुढे’ हे हिशेबाच्या वहीत निरुपद्रवी असते. पीकपाहणीत ते नसते.

किती नसते हे १९५७ ने दाखवले. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवला. त्या दिवशी जो कायदेशीर कूळ, तो जमिनीचा मालक मानला जाणार. आता कूळ कोण हे ठरवायला कोर्टाने कुठे बघायचे? पावत्या बहुतेकांकडे नव्हत्या. खंड तोंडी. मग सगळ्यांच्या नजरा वळल्या बाराच्या रकान्याकडे, कसणाऱ्याचे नाव लिहायच्या जागेकडे. १९५० च्या आगेमागे ज्या तलाठ्याने शेतावर जाऊन खरे नाव लिहिले, त्याच्या त्या दोन शब्दांनी एका कुटुंबाला जमीन मिळाली. जिथे वाड्यावर बसून मालकाचे ‘खुद्द’ लिहिले गेले, तिथे कूळ बेदखल झाले. १९५१ च्या १ मेला कुलकर्णी वतने संपली होती. वंशपरंपरेच्या माणसाच्या जागी पगारी तलाठी सगळीकडे आला तो नेमका याच काळात, आणि नव्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतच एवढे वजन त्याच्या दौतीवर पडले.

त्याच दशकांत सगळा क्रमच बदलण्याचे दुसरे काम चालू होते. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली विखुरलेले तुकडे एकत्र करून गावांना सर्व्हे नंबरांऐवजी गट नंबर मिळाले. एका रात्रीत नव्हे, गावागावाने, वर्षानुवर्षे. जुना सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला याचा ताळा जपून ठेवला तिथे ठीक. हरवला तिथे आजही विहिरीचा हिस्सा एका नंबराने आणि जमीन दुसऱ्या नंबराने भांडते. शिवाय सातबाऱ्याची पाने भरत. पिकांचे रकाने संपले की साधारण दहा वर्षांनी पुनर्लेखन व्हायचे: नवे पान, त्यावर फक्त आज लागू असलेल्या नोंदी. विदागाराच्या धंद्यातल्या माणसाला पुनर्बांधणीची रात्र जशी धास्तीची, तसे हे पुनर्लेखन. इतर हक्कांतला बहिणीचा हिस्सा, कुळाचे नाव, रस्त्याचा हक्क, एखादी ओळ नव्या पानावर यायची राहून जाई आणि वीस वर्षांनी नातवाला कळे. जमीन महसूल संहितेचे कलम १५५ अशा लेखनप्रमादांच्या दुरुस्तीसाठी आहे, आणि तहसील कचेरीत त्याचे अर्ज कधी संपत नाहीत. दुसरीकडे कलम १५७ म्हणते की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानायची. या दोन कलमांच्या मध्ये दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी वकिलांचे संसार चालले आहेत.

या मुलखाची अडचण आणखी एका कारणाने वाढली. आजचा सांगली जिल्हा संस्थानांच्या चिंध्यांतून शिवलेला आहे. सांगली, मिरज थोरली, मिरज धाकटी, जत ही संस्थाने. वर औंधचे तुकडे, ज्यांतले कुंडल आणि आटपाडी औंधपासून कितीतरी कोस दूर. ८ मार्च १९४८ ला ही संस्थाने विलीन झाली, १ ऑगस्ट १९४९ ला सातारा दुभंगून उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा झाले आणि २१ नोव्हेंबर १९६० पासून दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली. प्रत्येक संस्थानाचे दप्तर निराळे, वतनांच्या आणि इनामांच्या तऱ्हा निराळ्या. ते सगळे एका नमुन्यात ओतायचे होते. उत्तरेला, पाटण आणि जावळीत, उलटे संकट: कोयना धरणाच्या शिवसागरात गावेच्या गावे गेली. नकाशावर नंबर आहेत, शेते पाण्याखाली. विस्थापितांची मुले-नातवंडे प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यासाठी आजही त्या बुडालेल्या गावांचे सातबारे मागतात, आणि ते द्यावे लागतात. या पानांवर पाहणी होत नाही, पण ती फाडताही येत नाहीत.

सरकारी पाहणी ढिली पडत असताना याच मुलखात एक खाजगी पाहणी काटेकोर झाली. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांची ऊस-नोंद. वसंतदादांनी सांगलीत उभारलेला शेतकरी कारखाना, रेठऱ्याचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, भुईंजचा किसन वीर. प्रत्येकाचे गट ऑफिस आणि गावोगाव हिंडणारा स्लिप बॉय. नोंद कशाची? गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख. आडसाली जुलै-ऑगस्टात लावतात आणि सोळा ते अठरा महिन्यांनी तोडतात. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत, शिवाय खोडवा. तोडणीचा क्रम तारखेवर लागतो. नोंद पंधरा दिवस उशिराची लिहिली तर टोळी पंधरा दिवस उशिरा येणार, उसाला तुरा येणार, वजन घटणार. म्हणून शेतकरी तलाठ्याकडे एक वेळ जाणार नाही, पण स्लिप बॉयला चहा पाजून तारीख बरोबर लिहिली का ते बघेल. एकाच शेताची एकाच हंगामाची दोन दप्तरे, एक वर्षभर मागे आणि एक दिवसावर बरोबर. फरक एवढाच, की दुसऱ्यात चूक झाली तर त्याच हंगामात खिशाला कळे.

संगणक आल्यावर सातबारा आधी टंकला गेला आणि मग वर्षानुवर्षे तपासला गेला. हस्तलिखित पान आणि संगणकातले पान जुळवणे ही महाप्रचंड बेरीज होती. २०१७ मध्ये गावोगाव चावडी-वाचन करून लोकांना आपापल्या नोंदी ऐकवल्या. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. सात आणि आठ-अ सुधारले. बारा तसाच राहिला, कारण तो टंकून सुधारत नाही; त्यासाठी कोणीतरी शेतात उभे राहावे लागते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतात उभे राहण्याचे काम शेतकऱ्यावर आले. मोबाईलवर गट निवडायचा, पीक, क्षेत्र, सिंचन भरायचे आणि उभ्या पिकाचा फोटो काढायचा; फोटोबरोबर अक्षांश, रेखांश आणि वेळ आपोआप जातात. पुढच्या आवृत्तीत गटाच्या मध्यबिंदूपासून तुम्ही किती लांब आहात हे ॲप सांगू लागले, चुकीची नोंद अठ्ठेचाळीस तासांत दुरुस्त करायची सोय आली आणि तलाठ्याकडे राहिली ती काही टक्के नोंदींची तपासणी. वेळापत्रक आता सज्जावर नाही, साऱ्या राज्यावर एकदम उघडते आणि मिटते. साहजिकच शेवटच्या आठवड्यात गर्दी लोटते, सर्व्हर दमतो, मुदतवाढ मिळते. जतच्या माळावर किंवा कोयनेच्या खोऱ्यात रेंज नसली की माणसे फोटो शेतात काढून नोंद गावच्या टेकडीवरून पाठवतात. उरलेल्या गटांसाठी गावागावात सहायक नेमले जाऊ लागले. तलाठ्याचे पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झाले. लोक अजून तलाठीच म्हणतात.

पाहणीची तारीख किती नाजूक असते हे २०१९ च्या महापुराने दाखवले होते. कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फुटांची धोक्याची पातळी मागे टाकून सत्तावन्न फुटांवर गेले ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. खरिपाची नोंद पूर्ण होण्याची वेळ अजून यायची होती. पलूस, वाळवा, मिरजेच्या काठावर ऊस, सोयाबीन, हळद पाण्याखाली कुजली आणि पंचनामे करणाऱ्यांच्या हातात जे पान होते ते मागच्या वर्षीचे. चिखलात उतरून जे उरले ते बघत लिहावे लागले.

२०२० च्या सुधारित नमुन्यात एक वजाबाकीही झाली. बिनशेती झालेल्या जमिनीच्या उताऱ्यातून बारा क्रमांकाचा नमुना काढून टाकला. साताऱ्याच्या शेंद्र्याकडे आणि सांगली-मिरज रस्त्याच्या दोन्ही अंगांनी अशा पानांची संख्या वाढते आहे.

उसाचे कोडे मात्र ॲपलाही पुरते सुटलेले नाही. महसुली वर्ष १ ऑगस्टला उघडते आणि ३१ जुलैला मिटते. खरीप, रब्बी, उन्हाळी या तीन खणांत न मावणाऱ्या पिकांसाठी ‘संपूर्ण वर्ष’ असा चौथा खण ठेवला आहे, पण आडसाली ऊस वर्षापेक्षा मोठा. वाळव्यातल्या एका बांधाच्या अलीकडे २५ जुलैला लागण झाली आणि पलीकडे २ ऑगस्टला, तर आठ दिवसांच्या अंतराने दोन शेते दोन वेगळ्या वर्षांत जातात. दोन्ही तुटतात मात्र पुढच्या वर्षीच्या डिसेंबर-जानेवारीत, एकाच टोळीकडून, कारखान्याच्या तारखेप्रमाणे.